वागळे इस्टेटमधल्या मायक्रोस्कोपवाल्या काकांबद्दल: पाच स्टार, पण सविस्तर

पाच स्टार देतेय आणि आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे. दुकानाच्या पेजवरच लिहितेय म्हणून नाव परत टाकत नाही. इथे बाकीचे रिव्ह्यू बहुतेक पॅथॉलॉजी लॅबवाल्यांचे आणि शाळा-कॉलेजवाल्यांचे आहेत, छान सर्व्हिस, वाजवी दर, एवढेच, आणि ते खरंही आहे. पण माझं काम जरा वेगळं आहे, आणि ह्या कामासाठी मायक्रोस्कोप घ्यायचा किंवा दुरुस्त करायचा तर ठाण्यात कोणाकडे जायचं हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यासारखं कोणी शोधत असेल तर त्याचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून लिहितेय.

मी जिऑलॉजीवाली, राहायला कळव्याला. माझ्या पीएचडीचं काम सुरत जिल्ह्यातल्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, पट्ट्यातल्या खडकांवर आहे, वस्तानची खाण तिथलीच, ज्यांनी जीवाश्मांबद्दल थोडंफार वाचलंय त्यांना नाव माहीत असेल. हे खडक अर्ली इओसीन काळातले, म्हणजे पाच कोटी वर्षांहून जुने, आणि त्यात कोळशाच्या थरांच्या मधेमधे समुद्राच्या चिखलाचे थर आहेत. त्या चिखलात मी शोधते डायनोफ्लॅजेलेटची सिस्ट.

आता हे काय असतं ते थोडक्यात सांगते नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकत होत्या, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील, तशी चमक नॉक्टिल्युका नावाच्या जीवामुळे येते आणि ती डायनोफ्लॅजेलेटच. एका पेशीचे जीव, दोन शेपट्या, एक कमरेभोवतीच्या खाचेत फिरणारी आणि एक मागे लोंबणारी, त्यामुळे पाण्यात गिरक्या घेत पुढे सरकतात. नॉक्टिल्युकाची टिकणारी सिस्ट नसते, पण ह्या कुळातल्या काही जाती आयुष्यातल्या एका टप्प्यावर स्वतःभोवती एक टणक डबी बनवतात आणि तळाच्या गाळात जाऊन पडून राहतात. दिवस बरे आले की डबीचं झाकण उघडून आतला जीव बाहेर पोहत निघून जातो आणि रिकामी डबी गाळात राहते. ती डबी म्हणजे सिस्ट. बहुतेकांची भिंत डायनोस्पोरिन नावाच्या सेंद्रिय पदार्थाची, इतकी चिवट की आपण खडक हायड्रोक्लोरिक आणि मग हायड्रोफ्लुओरिक ॲसिडमध्ये विरघळवून टाकला तरी ती शिल्लक राहते. आजच्या जातींपैकी जेमतेम १५ टक्के जाती अशी टिकणारी सिस्ट बनवतात. तरी एका चमचाभर चिखलात शेकड्यांनी मिळतात. साइज साधारण २० ते १५० मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

(ॲसिडचं काम घरी किंवा साध्या लॅबमध्ये अजिबात करू नका. हायड्रोफ्लुओरिक कातडीतून आत जातं आणि सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. चांगला फ्यूम हूड आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.)

तर प्रश्न मायक्रोस्कोपचा. कॉलेजमधला एक आहे पण तो सगळ्यांचा, प्रॅक्टिकल चालू असली की मिळत नाही, आणि त्याच्या १०० एक्सच्या लेन्सवर कोणीतरी कधीकाळी सीडरवुड ऑइल लावून तसंच सोडलेलं, ते वाळून पिवळं गोंदासारखं झालेलं. ४० एक्सच्या आत फंगस. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर लेन्सला का नाही येणार. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात आणि तुम्हाला वाटतं सिस्टवरच नक्षी आहे. म्हणून मी एका साइटवरून ऑनलाइन नवीन मायक्रोस्कोप मागवला, खोक्यावर मोठ्ठं लिहिलेलं २००० एक्स. पहिले दोन महिने मी आनंदात होते.

इथे एक गोष्ट समजून घ्या जी मला तेव्हा माहीत होती पण मी मनावर घेतली नव्हती. लेन्सची ताकद असते तिच्या एन.ए. मध्ये, म्हणजे न्यूमेरिकल ॲपर्चर, लेन्स किती बारीक गोष्ट वेगळी दाखवू शकते त्याचा आकडा, ऑब्जेक्टिव्हवर (स्लाइडकडच्या लेन्सवर) बारीक अक्षरात लिहिलेला असतो. चांगल्या १०० एक्स ऑइल लेन्सचं १.२५ असतं. त्याच्या हजारपटीपर्यंत, म्हणजे १२५० एक्सपर्यंत मोठं करून बघण्यात अर्थ, त्याच्यावर जे मिळतं ते फुगवलेलं धूसर चित्र. फोटो झूम करत गेलो की ठोकळे दिसायला लागतात ना, तसं. २० एक्सचा आयपीस घालून २००० करता येतं पण अर्ध्या मायक्रॉनची शिवण जर लेन्सला दिसलीच नाही तर आयपीसला कुठून दिसणार. शिवाय त्या मशीनचा फाइन फोकस घसरायचा. तुम्ही बटण सोडलं की चित्र हळूहळू खाली जायचं. पेशंटचं रक्त बघणाऱ्याला एवढा त्रास होणार नाही, स्मिअर सपाट असतो. माझी सिस्ट म्हणजे ६० मायक्रॉनचा काटेरी गोळा, तो मला वरपासून खालपर्यंत एकेक पातळी धरून बघायचा असतो.

कारण सिस्ट ओळखायची कशावरून तर मुख्य तीन गोष्टींवरून, आणि तिन्हीला फोकस धरून ठेवणारं मशीन लागतं. पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, झाकण कुठून उघडलं. त्या भोकाला आर्किओपाइल म्हणतात. जीव बाहेर पडताना भिंत कुठेही फाटत नाही, ठरलेल्या प्लेटीच्या शिवणीवरूनच उघडते (जिवाच्या अंगावर चिलखतासारख्या प्लेटा जोडलेल्या असतात, त्यांचीच मांडणी सिस्टवर उमटते). कमरेच्या खाचेच्या लगेच वरच्या ओळीला प्रीसिंग्युलर म्हणतात, त्यातली पाठीवरची तिसरी प्लेट गेली असेल तर गोनिऑलॅकॉइड गटाकडे जायचं, स्पिनिफेराइटिस त्यातलीच. डोक्याकडच्या प्लेटा एकत्र गेल्या असतील तर तेही बहुतेक त्याच गटात. पाठीवर ह्या दोन ओळींच्या मधली, इंटरकॅलरी, प्लेट गेली असेल तर पेरिडिनिऑइड, हा दुसरा मोठा गट. दुसरी गोष्ट प्लेटांची मांडणी, टॅब्युलेशन, जी कोफॉइड ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९०७-०९ च्या सुमाराला नंबर देऊन बसवली, डोक्यापासून शेपटाकडे ओळी मोजत जायचं. शेपटाकडे एक प्लेट असेल तर गोनिऑलॅकॉइड, दोन असतील तर पेरिडिनिऑइड, हा सगळ्यात सोपा ताळा. तिसरी भिंत, एक थर की दोन, दोन असतील तर मधे पोकळी आहे का, काटे आहेत का, काटे प्लेटीच्या मधून निघतात की शिवणीवरून.

खरं तर हे सगळं कळायलाच शंभर वर्षांच्या वर गेली. एरेनबर्ग ह्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाला १८३० च्या दशकात गारगोटीच्या पातळ कापांत हे काटेरी गोळे दिसले, त्याला ते गोड्या पाण्यातल्या झँथिडियम शेवाळासारखे वाटले. मँटेल, तोच ज्याने इग्वानोडॉन डायनोसॉरला नाव दिलं, त्याने १८५० मध्ये स्पिनिफेराइटिस नाव दिलं. १९३३ ला ओटो वेट्झेलने हिस्ट्रिकोस्फिअर म्हणून वेगळा गट केला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं हे काटेरी गोळे नक्की कोणाचे ते ठरेना. मग १९६१ मध्ये विल्यम एविटने दाखवून दिलं की ह्या गोळ्यांना जे भोक असतं त्याचा आकार आणि जागा डायनोफ्लॅजेलेटच्या प्लेटीशी जुळते, काटेसुद्धा प्लेटांच्या हिशोबानेच उभे आहेत, म्हणजे हे डायनोफ्लॅजेलेटचेच सिस्ट. ज्यांत असं काही दिसत नव्हतं त्या उरलेल्यांना त्याने १९६३ मध्ये ॲक्रिटार्क नाव दिलं. नंतर अमेरिकेतल्या वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेत वॉल आणि डेल ह्यांनी आजच्या गाळातल्या जिवंत सिस्ट उबवून त्यातून कोण बाहेर येतं ते प्रत्यक्षच बघितलं. मला हा इतिहास फार आवडतो. एका भोकाकडे नीट बघितलं म्हणून अख्खा गट जागेवर आला.

आणि नेमकं तेच भोक मला त्या ऑनलाइनवाल्या मशीनमध्ये दिसत नव्हतं. म्हणजे काहीतरी कडा दिसायची, पण फाटलंय की उघडलंय ते सांगता येत नव्हतं. दोन महिन्यांच्या मोजणीत ४१ सिस्ट मी "अनिश्चित" मध्ये टाकल्या होत्या. माझ्या गाइड सरांनी रजिस्टर बघितलं आणि एवढंच म्हणाले, अनिश्चितचा कॉलम एवढा भरलाय तर एकतर सॅम्पल खराब आहे नाहीतर मशीन, आणि सॅम्पल मी बघितलंय.

मग एका पॅथॉलॉजीवाल्या मैत्रिणीने हे दुकान सांगितलं. तीन हात नाक्यावरून रिक्षा केली, इंडस्ट्रियल गाळ्यांच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मायक्रोस्कोपचं खोकं घेऊन चढायला त्रास होतो हे लक्षात ठेवा, खालून फोन केला तर काकांचा मुलगा येतो खोकं उचलायला. आत एका बाजूला लेथ, एका बाजूला काचेची कपाटं आणि कपाटांत चाळीसचा बल्ब कायम चालू. काका साठीच्या पुढचे असतील. मी खोकं उघडून सांगायला लागले की फोकस घसरतो, तर काका म्हणाले, "मशीनचं नंतर बघू ताई. तुम्ही ह्यात बघता काय? ती काच आणलीय का?"

आता मी चार ठिकाणी फिरले होते पण स्लाइड कोणी मागितली नव्हती. पर्समध्ये स्लाइडचा डबा होता हे नशीब. काकांनी त्यांच्या टेबलावरच्या जुन्या बॉडीवर माझी स्लाइड लावली, आधी कंडेन्सर (स्लाइडखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) वर-खाली केला, दिव्याचा डायफ्रॅम बारीक करून त्याची कडा फोकसला आणली, दोन स्क्रूंनी ती मधोमध आणली आणि मगच सिस्टकडे बघितलं. ह्याला कोलर इल्युमिनेशन म्हणतात, १८९३ पासूनची पद्धत आहे, पुस्तकात मी शंभरदा वाचलीय, पण माझ्या मशीनला दिव्याचा डायफ्रॅमच नव्हता. मला म्हणाले बघा.

मी बघितलं. माझीच स्लाइड, माझीच सिस्ट, जी मी रजिस्टरमध्ये "अनिश्चित, बहुधा फाटलेली" लिहिली होती. वरची पातळी धरली तर काटे, त्यांची टोकं एकमेकांना जोडलेली दिसली. फाइन फोकस खाली नेत गेले तर डोक्याकडची कडा आली, आणि ती कडा फाटलेली नव्हती. नागमोडी होती. कात्रीने झिगझॅग कापावं तशी, प्रत्येक कोन दोन प्लेटांच्या मधल्या शिवणीवर, आणि एका बाजूला पोटाकडच्या खाचेच्या वर एक खोल कट, मधोमध नाही, जरा बाजूला सरकलेला. म्हणजे डोक्याकडच्या सगळ्या प्लेटा मिळून एक झाकण उडालेलं. अरिओलिजेरा आणि ग्लाफायरोसिस्टा ह्या भाऊबंदांची ही खूण. मी कोन मोजले आणि प्रीसिंग्युलर प्लेटा सहा आल्या. बटण सोडलं आणि पाच मिनिटं तशीच बसले, चित्र जागचं हललं नाही.

काकांनी परत डोळा लावला आणि विचारलं, "ही वरची कडा बघायचीय ना तुम्हाला? डबीचं झाकण उडालंय." मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं तोपर्यंत. मग मी सांगितलं की काका बरोब्बर तेच, आणि झाकण कुठलं उडालं त्याच्यावर नाव ठरतं. तेव्हापासून ते माझ्या मशीनला "झाकणवाल्या ताईंचं मशीन" म्हणतात.

कोणी म्हणेल नाव चुकलं तर काय बिघडलं. खूप बिघडतं. अरिओलिजेरा-ग्लाफायरोसिस्टा मंडळी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जास्त, इम्पॅगिडिनियम दिसली तर मोकळा खोल समुद्र, होमोट्रिब्लियम भरपूर तर बंदिस्त, खारट लगून. माझ्या ४१ पैकी जर २५ अरिओलिजेराच्या गटातल्या निघाल्या तर तो थर किनाऱ्याचा ठरतो, आणि मी त्या अनिश्चितमध्ये टाकून तिथे भलताच समुद्र दाखवला असता. वयाचंही तसंच. अपेक्टोडिनियम ही जात सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी अचानक तापली तेव्हा जगभर पसरली, उष्ण पाण्यातून थेट ध्रुवांकडच्या समुद्रापर्यंत, त्यामुळे तिची लाट आली की भूवैज्ञानिक सावध होतो. पण अपेक्टोडिनियम आणि तिच्या वेट्झेलिएला वगैरे चुलत बहिणी पाचकोनी, शिंगवाल्या, काटेरी, वरवर सारख्याच. २०१५ मध्ये ह्या कुटुंबाची फेरमांडणी झाली त्यात आर्किओपाइलचा आकार आणि झाकण कुठल्या बाजूने चिकटून राहिलं ह्यालाच पहिला मान दिलाय. म्हणजे फिरून भोकच.

आणि एक गोष्ट जी नवीन मुलांना हमखास चकवते आणि मलाही चकवायची. सिस्ट पारदर्शक असते आणि स्लाइडवर कशीही पडते. पोट वर करून पडली असेल तर पाठीवरचं झाकण तुम्ही तिच्या आरपार बघत असता, म्हणजे दुकानाच्या काचेवर लिहिलेलं नाव आत उभं राहून वाचावं तसं डावं-उजवं उलटं. म्हणून आधी वर कुठली बाजू आहे ते ठरवायचं आणि मगच प्लेटीला नंबर द्यायचा. हे ठरवायला फोकस वरून खाली नेताना आधी काय दिसलं आणि नंतर काय ते पक्कं लक्षात राहावं लागतं, आणि घसरणाऱ्या फोकसवर ते शक्य नाही. मी त्या मशीनवर किती सिस्ट उलट्या वाचल्या असतील त्याचा हिशोब नाही. सगळी मोजणी परत केली.

आता घेतलं काय ते. काकांनी ऑनलाइनवालं मशीन रिपेअर करायला सरळ नाही म्हटलं, त्याचे फोकसचे गिअर प्लास्टिकचे आहेत, आज करून देईन, सहा महिन्यांनी परत याल, म्हणाले. त्याऐवजी एक जुनी लोखंडी बॉडी दिली, एका बंद पडलेल्या लॅबमधली, स्वतः उघडून ग्रीस बदललेली, ट्रायनॉक्युलर, म्हणजे तिसरी नळी असलेली, त्यामुळे कॅमेरा लावता येतो. १०, २०, ४० आणि १०० ऑइल, चारही प्लॅन ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे चित्र कडेपर्यंत सपाट. फेज काँट्रास्टचा, म्हणजे पारदर्शक गोष्टी ठळक दाखवणाऱ्या पद्धतीचा, कंडेन्सर जुना पण स्वच्छ. पातळ बिनरंगाच्या सिस्टसाठी फेज खूप कामाचा, जाड काटेरीवर मात्र कडेला पांढरी झळाळी येते, तिथे साधाच प्रकाश आणि कंडेन्सरचा पडदा थोडा बंद. डीआयसी, म्हणजे प्रिझम वापरून पारदर्शक वस्तूला उठाव देणारी सोय, मिळाला असता तर उत्तमच, पण त्याचे प्रिझम माझ्या बजेटच्या बाहेर, आणि काकांनी उगाच आशा लावली नाही, म्हणाले प्रिझम जुने घेऊ नका, जोडी जुळत नाही. सगळं मिळून ४२ हजार झाले. जुन्या मशीनला हे जास्त वाटेल, मलाही घरी दोनदा समजावून सांगावं लागलं, पण त्या २००० एक्सवाल्यावर २६ हजार घातले होते ते वाया गेले हेही खरं.

ह्या सगळ्यात एक काम त्यांनी असं केलं ज्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत आणि त्याचा मला रोज उपयोग होतो. सिस्टची जागा लिहून ठेवायला आम्ही इंग्लंड फाइंडर वापरतो, ती एक काचेचीच स्लाइड असते, तिच्यावर अक्षर-आकड्यांची बारीक जाळी. सिस्ट मधोमध आणायची, स्लाइड काढायची, जागेवर फाइंडर ठेवायचा आणि आकडा वाचायचा. मग जगात कुठल्याही मायक्रोस्कोपवर दुसरा माणूस तीच सिस्ट शोधू शकतो. स्टेजवरच्या व्हर्नियरचे (मोजपट्टीचे) आकडे लिहिले तर ते फक्त त्याच मशीनवर चालतात. पण ह्याला अट एकच, स्लाइड आणि फाइंडर दोन्ही दरवेळी तंतोतंत त्याच कोपऱ्यात टेकले पाहिजेत. जुन्या स्टेजची क्लिप जरा ढिली होती, फाइंडर अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे व्हायचा. काकांना हे दाखवलं तर म्हणाले ठेवून जा, आणि लेथवर पितळेचा एक छोटा स्टॉपर करून स्टेजच्या कोपऱ्याला बसवला. आता स्लाइड सरकवली की टक् असा आवाज येतो. मी एक सिस्ट वीस वेळा काढून-घालून तपासली, वीसही वेळा त्याच घरात आली.

आता तक्रारी, कारण पाच स्टार दिले म्हणजे सगळं गोड असं नाही. तीन आठवडे सांगितले होते, सहा लागले. फोन दुपारी एक ते साडेतीन लागतच नाही. पहिल्यांदा जी १०० एक्सची लेन्स दिली तिचं टोक स्प्रिंगवर दबून परत वर येत नव्हतं. ह्या लेन्स आणि कव्हरस्लिपमध्ये जेमतेम दशांश मिलिमीटरची जागा असते, स्प्रिंग अडकली तर स्लाइड फुटते, आणि माझी एक फुटली. ती सॅम्पलची एकुलती एक स्लाइड नव्हती म्हणून ठीक. काकांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, लेन्स बदलून दिली आणि स्वतः म्हणाले की द्यायच्या आधी मी तपासायला पाहिजे होती. बिलाचं एक बघा, हाताने लिहिलेलं देतात, कॉलेजच्या अकाउंट्सला ते चाललं नाही, जीएसटीचं छापील बिल मागून परत जावं लागलं. आधीच सांगा.

त्यांनी एक चूक माझीही दाखवली ती इथे लिहिते कारण खूप जणांची होते. माझ्या काही स्लाइडमध्ये ग्लिसरीन जेली जाड झालेली, सिस्ट खाली बुडालेली, आणि १०० एक्स खाली आणला तर फोकस मिळायच्या आधीच लेन्स काचेला टेकते. काका म्हणाले ह्यात मशीनचा दोष नाही, तुमचा थर जाड आहे, आणि कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरचीच घ्या, लेन्सवरच लिहिलंय बघा. मी लेन्सवरचा तो आकडा रोज बघत होते. पुढच्या बॅचपासून जेली निम्मी केली, सिस्टचा थेंब आधी कव्हरस्लिपवरच वाळवला म्हणजे त्या काचेला चिकटून वरच राहतात, आणि आता जवळजवळ प्रत्येक सिस्टपर्यंत लेन्स पोचते.

पावसाळ्याचं त्यांचं सांगणं सोपं आहे, मायक्रोस्कोप प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवायचा नाही, आत दमट हवा कोंडते. लाकडी किंवा काचेच्या कपाटात छोटा बल्ब चालू ठेवून, नाहीतर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, आणि जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर गरम करून परत निळे करायचे. इमर्शन ऑइल सिंथेटिकच, १.५१५ वालं, आणि काम संपलं की त्याच क्षणी लेन्स पेपरने पुसायचं, उद्यावर नाही. मी खाडीजवळ राहते, जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा हाताला लागतो, पण मागच्या पूर्ण पावसाळ्यात एकाही लेन्सला बुरशीचा धागा आला नाही.

कोणासाठी हे दुकान नाही तेही सांगते. ज्यांना वॉरंटी कार्ड, नवं खोकं आणि दोन दिवसांत डिलिव्हरी हवी त्यांनी इथे येऊ नका, चिडचिड होईल. पण ज्यांचं काम तासन्‌तास एकाच गोष्टीच्या आत खालीवर बघण्याचं आहे, परागकण बघणारे, फोरॅमवाले, डायटमवाले, त्यांनी नक्की जा. आणि जाताना तुमची स्वतःची स्लाइड घेऊन जा, त्यातली सगळ्यात अवघड, सगळ्यात छळणारी. काका मशीन त्या स्लाइडवरच लावून देतात.

४१ चा हिशोब पूर्ण झाला. २७ अरिओलिजेराच्या गटात, ८ स्पिनिफेराइटिस ज्यांचं पाठीवरचं झाकण मी आधी उलट्या बाजूने शोधत होते, ४ खरंच फाटलेल्या. उरलेल्या दोन म्हणजे होमोट्रिब्लियमची अर्धी अर्धी टोपणं निघाली, ती जात कमरेवरून सरळ दोन तुकड्यांत उघडते, म्हणून दोन अर्ध्या मिळून एकच मोजायची. सरांनी रजिस्टर परत बघितलं आणि सही केली.

दुकान सोमवार ते शनिवार, सकाळी साडेदहाला उघडतं, जेवणाची वेळ टाळून जा. मे महिन्यात मी ४० एक्स सर्व्हिसिंगला टाकणार आहे, पावसाच्या आधी. तेव्हा होमोट्रिब्लियमची स्लाइड बरोबर नेणार, मधोमध उघडणारी डबी काकांनी अजून पाहिलेली नाही.